शेवटच्या बाकड्यावरील प्रवासी



 ज्या मुलखात 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर लाकडी सांगाड्याची आणि काथ्याच्या आसनांची पहिली एस.टी. धावली, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यांतला माणूस बाजाराला, इस्पितळाला, लग्नकार्याला जिच्या भरवशावर निघत आला, तेथे, पुण्यात भरलेल्या या परिषदेत, प्रवाशाच्या देहाला वाटेत काय सोसावे लागते याचा विचार व्हावा, हे सर्वथा उचित होय.

गचका आणि हेलकावा हे दोन्ही जाच एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही. सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांचे उभे कंपन देहाला विशेष जाचते. मळमळ उठवणारी गती मात्र त्याहून कितीतरी संथ, पाच-सहा सेकंदांतून एकदा येणारी असते, आणि पाटे मऊ करून गचका शमवावा तर वळणावर गाडी अधिक कलू लागते. साउदॅम्प्टन विद्यापीठातील टर्नर आणि ग्रिफिन यांनी ब्रिटनमधील 3,256 बसप्रवाशांची पाहणी करून 1999 साली दाखवून दिले, की गाडीची आडवी हालचाल वाढेल तसा त्रास वाढतो, ती हालचाल पुष्कळशी चालकाच्या हाती असते, आणि ज्याला पुढचा रस्ता दिसत नाही त्याला गाडी अधिक लागते. अंतर्कर्ण वळणाची वर्दी देत असतो आणि डोळ्यांपुढे मात्र पुढच्या बाकाची निश्चल पाठ असते; त्यात वैशाखाचा उकाडा, डिझेलचा वास आणि मिटलेल्या खिडक्या यांची भर पडते. आडवी हालचाल पुष्कळशी चालकाच्या हाती असल्यानेच यंत्रज्ञांइतकाच चालकांचा अनुभव या परिषदेत ऐकला जावा, असा माझा आग्रह आहे.

दुसरी विनंती अशी, की सपाट सडकेवर, मधल्या आसनावर घेतलेली कंपनांची मोजणी दप्तरी दाखल करून कोणी समाधान मानू नये. मागच्या चाकांच्याही पलीकडे, जेथे सांगाडा सर्वाधिक उसळतो, तेथे उशिरा पोहोचलेली लेकुरवाळी बाई आणि गर्दीत मागे पडलेला वृद्ध बसतो. मोजणी त्यांच्या आसनाची व्हावी. उद्या दिवे घाटातून सासवडपर्यंत बस नेण्याची तजवीज परिषदेच्या स्वागत समितीने केली असून मापनयंत्र शेवटच्या बाकड्यावरच बसवले जाईल. तेथे आपण आळीपाळीने बसावे आणि घाट ओलांडल्यावर आपापला अनुभव चालकाच्या समक्ष नोंदवावा.