दार कोणत्या देशात?

मंडळी, ‘युरोपचं एकत्र येणं’ यावर बोला, असा तुमचा निरोप आला तेव्हा डोळ्यांसमोर ब्रुसेल्समधल्या काचेच्या इमारती आल्या. त्या आज राहू द्या. मी तुम्हाला बार्लेला नेतो. इथले बरेचजण एखाद्या रविवारी तिकडे चक्कर मारूनही आले असतील.

गाव एक, नगरपालिका दोन. बार्ले-नासाऊ डच, बार्ले-हेर्टोग बेल्जियन. बेल्जियमचे २२ तुकडे नेदरलँड्सच्या पोटात, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा डच तुकडे. आपल्याकडे बांधावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जातात; इथला बांध ११९८ चा. ब्राबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण कुळं कसत होती ती साऱ्याची जमीन स्वतःकडे ठेवली. पुढे त्याच वाटणीवरून दोन देशांची हद्द गेली. ती पुरती नक्की व्हायला १९९५ उजाडलं.

फूटपाथवर पांढऱ्या फुल्या आहेत, एका बाजूला ‘एनएल’, दुसऱ्या बाजूला ‘बी’. घराचा देश दर्शनी दारावरून ठरतो. एका घराच्या तर दारातूनच रेषा गेली आहे, म्हणून त्याला दोन घरनंबर. दार थोडं सरकवलं की देश बदलतो, यातली सोय आपल्या माणसाला वेगळी समजवायला नको!

मला मात्र कुतूहल गटारांचं. रस्त्याखालून जाणारं सांडपाणी कितीदा तरी देश ओलांडतं. नळ फुटला तर माणूस कुणी पाठवायचा? म्हणून १९९८ पासून दोन्ही नगरपालिकांचं एक संयुक्त मंडळ आहे. पण दोन देशांच्या नगरपालिकांनी परस्पर करार करायचा, तर वरून मुभा हवी. ती १९८६ च्या बेनेलक्स कराराने दिली. आणि बेनेलक्सचं मूळ कुठे? लंडनमध्ये, सप्टेंबर १९४४ मध्ये. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांचीही सरकारं तेव्हा परागंदा होती. बसायला स्वतःची कचेरी नाही, आणि हे जकातीचा करार करत होते. ज्यातून पुढे युरोपीय संघ घडला, तो कोळसा-पोलादाचा सहा देशांचा करार त्यानंतरचा, १९५१ चा. आज युरोपीय संघाच्या मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक ठराव ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या पाठीशी असली की मंजूर होतात. पण हे सगळं गणित शेवटी गल्लीतल्या गटारापर्यंत पोचतं का, हे मी बघतो. बार्लेत ते पोचलंय.

तुकडेच मिटवून टाकायची दुसरी वाट आपण धरली. कूचबिहारच्या सीमेवर भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१ तुकडे होते. २०१५ साली ३१ जुलैच्या मध्यरात्री दोन्ही देशांनी अदलाबदल करून तो प्रश्न मिटवला. तोवर तिथल्या लोकांना ना वीज, ना शाळा, ना ओळखपत्र. त्यांच्यासाठी तेच बरं झालं. बार्लेवाल्यांनी तुकडे ठेवले आणि कारभार जोडला.

तोही दरवेळी जुळतोच असं नाही. २०२० च्या टाळेबंदीत बेल्जियमचे नियम कडक, डच सैल. गावातलं एक कपड्यांचं दुकान नेमकं रेषेवर. दुकानात मधोमध पट्टी लावली गेली: पट्टीच्या अलीकडे गिऱ्हाईक कपडे बघतंय, पलीकडचे कपडे तसेच टांगलेले.