आंब्यावरचे बिऱ्हाड

तंजावूर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान, कावेरीच्या कुडमुरुट्टी या फाट्याकाठी पापनाशम नावाचे गाव आहे. भोवती भातखाचरे, बांधावर चिंच, आंबा, इलुप्पै म्हणजे आपला मोह. तंजावरास १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य नांदले. त्यामुळे हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. या मुलखातील जुन्या झाडांच्या खोडाकडे मान वर करून पाहिले, तर एक वनस्पती दिसते. पाने चिवट, पन्हाळीसारखी दुमडलेली, आणि खालून पांढरट मुळांच्या दोऱ्या लोंबणाऱ्या. फुलांचा हंगाम आला की तिला पिवळसर, तपकिरी चौकटी-चौकटींची, जांभळ्या ओठाची सुगंधी फुले येतात. हीच रास्ना, शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा.

हे वांडा नाव मूळचे आपलेच. अमरकोशात ‘वन्दा’ शब्दाचे पर्याय देताना ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ असे दोन शब्द शेजारी-शेजारी ठेवले आहेत. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर वाढणारी. सर विल्यम जोन्स यांनी हा संस्कृत शब्द उचलला, आणि रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये तो वंशनाम म्हणून रूढ केला. त्याआधीच, १७९५ मध्ये, विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या रास्नेचे वर्णन केले होते.

रास्नेच्या बाबतीत त्या दोन शब्दांपैकी दुसराच खरा आहे. आंब्यावरचे बांडगूळ आपली मुळे फांदीत खुपसून तिचा रस शोषते. रास्ना तसे काहीच करीत नाही. तिची मुळे सालीला केवळ बिलगतात, आणि पाऊस, दव व सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह चालतो. ती झाडावर बिऱ्हाड करते, पण घरमालकाच्या ताटातले अन्न घेत नाही. तरीही बागाईतदार बांडगुळाबरोबर हिलाही कोयत्याने छाटतो. मुळ्या औषधी म्हणून वैदूही तिला ओरबाडतात. वास्तविक ‘रास्ना’ या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, आणि कित्येक वैद्यांच्या मते खरी रास्ना ही नव्हेच!

तेव्हा हिची जोपासना करू इच्छिणाऱ्याने पहिला नियम असा पाळावा : उभ्या झाडावरची रास्ना काढू नये. वादळात मोडलेली फांदी, रस्त्यासाठी तोडलेला वृक्ष, यांवरची रोपे मालकाच्या संमतीने आणावीत. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तंजावूर जिल्ह्यात असंख्य झाडे कोसळली. अशा वेळी फांदी सरपणात जाते आणि तिच्यावरची रास्नाही चुलीत जाते. ते रोप वाचविणे हे सत्कृत्य. जिवंत झाडावरून ते उतरविणे ही चोरी.

मुळे ओढून काढू नयेत. फांदीचा तुकडाच करवतीने कापून आणावा. तो आंबा किंवा चिंच अशा खरबरीत सालीच्या झाडाला, सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा बाजूस, काथ्याने वा सुती चिंधीने बांधावा. तार वापरू नये. नव्या मुळांनी साल धरली की बंध सोडावा. कुंडीत माती घालून लावाल तर मुळे गुदमरून कुजतील. या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते : कोरडे असताना ते पांढरे, भिजले की हिरवट. पाणी केव्हा घालावे हे मुळाचा रंगच सांगतो. सकाळी शिंपावे, संध्याकाळपर्यंत सुकू द्यावे, शेंड्यात पाणी साचू देऊ नये. विहिरीचे पाणी खारट असेल तर साठविलेले पावसाचे पाणी बरे.

ऋतूंचा भेद मात्र ध्यानात असू द्यावा. कोकणात वा पुण्याकडे मृगाच्या सुमारास रोप बांधले, तर पुढचे काम पाऊस करतो. पापनाशमचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. तेथे जूनमध्ये बांधणाऱ्याला चार महिने हातानेच शिंपण करावे लागते.

शेंग धरली तर ती राहू द्यावी. तिच्यात धुळीसारखे अगणित बी असते, पण त्या बियांत अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटल्याखेरीज निसर्गात ते रुजत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये शोधून काढले. पुढे १९२२ मध्ये लुईस नड्सन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीवाचून बी रुजवून दाखविले, आणि आजच्या प्रयोगशाळांत लाखो रोपे तयार होतात ती त्याच मार्गाने. ज्यांना केवळ फुलांची हौस आहे, त्यांनी अशी रोपे विकत घ्यावीत.

रानातील बियांपैकी क्वचित एखाद्याचेच झाड होते, आणि त्याला फूल येण्यास वर्षे लागतात. त्यासाठी जुनी, खडबडीत सालीची झाडे उभी राहिली पाहिजेत. बांधावरचा म्हातारा आंबा फळ देईनासा झाला म्हणून तोडण्यापूर्वी, त्याच्या आश्रयाला कोण राहते आहे, एवढे मान वर करून पाहावे, हीच विनंती.