फ्यूजची तार

लोणावळ्याच्या धरणांचे पाणी खोपोलीस उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविली. धरणांशेजारच्या मावळात मात्र पुढे कित्येक वर्षे रोज सायंकाळी कंदिलाचीच काच पुसली जाई. मग वीज आली, आणि तिच्यासवे चिनीमातीचा फ्यूजही. तो उडाला की घरचे कर्ते पुरुष जुन्या वायरीतील चार तारा एकत्र पिळून बसवीत व विजयी मुद्रेने स्टुलावरून उतरत. बिचाऱ्या फ्यूजचा धर्मच मुळी सर्वांआधी वितळण्याचा! ही जाड तार वितळेना. तिच्याऐवजी लाकडी पट्टीवरची वायर तापे, आणि जळका वास सुटला की बोलणी बसत ती दूध उतू घालविणाऱ्या सुनेस. आज मावळातील उर्से येथेच विजेच्या तारांचा मोठा कारखाना आहे, आणि नव्या घरांतून खटका आपणच पडतो. तरी एखाद्या फळीवरच्या डब्यात, अडकित्त्याशेजारी, तारेचे जुने वेटोळे जपून ठेवलेले सापडतेच.