शिरूरहून दौंडला: पगाराआधीचा प्रश्न

माझी ताई शिरूरला लेबर रूममध्ये नर्स आहे, आता दौंडला चाललीये. जिल्हा पुणेच, त्यामुळे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तीच चालते. बेंगळुरूला गेली असती, तर कर्नाटकच्या कौन्सिलकडे नोंदवावं लागलं असतं.

आमच्या आयटीत नोकरी बदलताना आधी पॅकेज विचारतात. ताईने विचारलं, "रात्री एका नर्सकडे किती बाळंतिणी?" कारण बाळंतपणानंतर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, रक्तस्राव बघावा लागतो. एकटीकडे चौघी असल्या, तर कुणाकडे बघणार?

डॉक्टर रात्री तिथेच असतात का, रक्त लागलं तर कुठून येतं, हेही तिने विचारलं. तुमच्या घरी कुणी नर्स असेल, तर होकार कळवण्याआधी हा एपिसोड तिला पाठवा.