दानाची ठेव आणि न्यायालयाचा निवाडा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



तेर ही प्राचीन तगरनगरी. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ती तेरापूर या नावाने येते. अशा क्षेत्रातील मंदिराची संपत्ती म्हणजे अनेक पिढ्यांच्या दानाची ठेव. तिच्यावर अधिकार समाजाचा की शासनाचा, या प्रश्नाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च १९५४ रोजी केला. तो वाद न्यायालयात नेणाऱ्यांत एका जैन मंदिराचे वहिवाटदार होते, ही अभिमानाची बाब होय.

मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला. रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचाही तसाच अर्ज होता. पुढे प्रकरण अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी निकालपत्रात संविधानाच्या कलम २६ मधील भेद स्पष्ट केला. धर्माचरणाच्या बाबी संप्रदायाच्या स्वाधीन. संपत्तीचा कारभार मात्र कायद्यानुसार चालावा. तथापि तो कारभार संप्रदायाच्या हातून सर्वस्वी काढून घेता येणार नाही.

या कसोटीवर नोंदणी, हिशेब व लेखापरीक्षण वैध ठरले. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयासाठी द्यावयाची वर्गणी हा कर नसून शुल्क आहे, असेही ठरले. परंतु धार्मिक संस्थेवर आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद रद्द झाली. दात्याचा मूळ हेतू पार पाडणे शक्य असताना शिल्लक निधी अन्य कार्याकडे वळविणे, हेही न्यायालयाने अमान्य केले.

त्या वेळी तेर हैदराबाद राज्यात होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा येथेही लागू झाला.

या निवाड्याने विश्वस्तांचा अधिकार राखला, तसेच त्यांचे उत्तरदायित्वही अधोरेखित केले. अधिनियमाच्या कलम ३६ नुसार संस्थेच्या स्थावर मिळकतीची विक्री, अदलाबदल वा दान यांस आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देतानाही ती आवश्यक आहे. केवळ परस्पर विश्वासावर झालेले व्यवहार पुढील पिढीच्या माथी दिवाणी दावे ठेवून जातात.

दात्याने ज्या हेतूने द्रव्य अर्पण केले, तो हेतू इतिवृत्तात स्पष्ट लिहिलेला असावा आणि प्रत्येक रुपयाचा हिशेब समाजासमोर उघडा असावा. न्यायालयाने राखून दिलेला अधिकार अशा चोख व्यवहारानेच टिकेल.