वाटांचे सांधे

डोंगरांतून हिंडण्याची हौस असलेल्या श्रोत्यांस एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असेल. रानाच्या मध्यभागीं वाट क्वचित् चुकते. ती चुकते दोन वाटा मिळतात तेथें. कड्याची भीति सर्वांसच असते, म्हणून तेथें माणूस जपून पाऊल टाकतो. परंतु पायवाट संपून मोटारींचा रस्ता लागला कीं तो निर्धास्त होतो, आणि खरा धोका नेमका तेथेंच दबा धरून बसलेला असतो. वाटांच्या या सांध्यांविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

या बाबतींत अमेरिकेंतील अ‍ॅपलेशियन वाटेचा दाखला मोठा बोधप्रद आहे. बेन्टन मॅकाय या वनशास्त्रज्ञानें १९२१ सालीं एका वास्तुशास्त्रीय मासिकांत लेख लिहून ही कल्पना मांडली. शहरांत राबणाऱ्या माणसाला डोंगराची मोकळी हवा मिळावी, हा त्याचा हेतु. सगळीच वाट नव्यानें पाडावी असें त्याच्या मनांत नव्हतें. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनीं आपापल्या टेकड्यांवर वाटा केल्याच होत्या. व्हर्माँट संस्थानांत ‘लाँग ट्रेल’ १९१० पासून तयार होत होती. अशा वाटा एकमेकींस जोडाव्या आणि मधलीं खिंडारें बुजवावीं, एवढेंच त्याचें म्हणणें. १९२३ सालीं न्यूयॉर्क संस्थानांत पहिला तुकडा खुला झाला, आणि १९३७ सालीं मेनपासून जॉर्जियापर्यंत वाट सलग झाली. आज ती १४ संस्थानांतून सुमारे २,१९० मैल जाते. व्हर्माँटमध्यें जवळजवळ १०० मैल ती आणि लाँग ट्रेल एकच आहेत.

तथापि ‘सलग’ हा शब्द नकाशावर जितका सोपा, तितका जमिनीवर नाहीं. प्रारंभीं या वाटेचा बराच भाग मोटाररस्त्यांवरूनच जात असे. तो हळूहळू रानांत हलविण्यास कित्येक वर्षें लागलीं. १९६८ सालीं अमेरिकेंत वाटांविषयीं कायदा झाला, त्यांत जोडवाटा व उपवाटा यांना स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता मिळाली. घराजवळची छोटी वाट मोठ्या वाटेस सुरक्षितपणें मिळत नसेल, तर मोठी वाट थोड्या धट्ट्याकट्ट्यांचीच मिरासदारी होऊन बसते, हें त्यामागील तत्त्व म्हणतां येईल.

सांधा कसा करावा, हेंहि या वाटेवर पाहावयास मिळतें. मुख्य वाटेवर झाडांना पांढरा पट्टा रंगवितात, उपवाटेवर निळा. एकावर एक दोन पट्टे दिसले कीं पुढें वळण आहे असें समजावें. मेरीलँडमध्यें भरधाव मोटारींच्या महामार्गावरून चालणाऱ्यांसाठीं निराळा पूल आहे. मेनमधील केनेबेक नदींत वरच्या धरणाचें पाणी अवचित सुटतें. १९८५ सालीं ती ओलांडतांना एका वाटसरूचा बुडून अंत झाला; त्यानंतर तेथें होडी ठेवण्यांत आली. त्या होडीवरहि तोच पांढरा पट्टा आहे. नदी पायीं ओलांडण्यांत पुरुषार्थ मानूं नये. होडी हाच वाटेचा भाग, असा त्याचा अर्थ.

पूल सर्वत्र बांधतां येत नाहीं. पण हिशेब सर्वत्र करतां येतो. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास साधारण माणसाला सहा सेकंद लागतात. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळांत १०० मीटर येते. तेव्हां दोन्ही बाजूंस किमान १०० मीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तेथें वाट रस्त्यास आणून सोडणें योग्य नव्हे. वळणापासून दूर नेऊन मगच ती ओलांडवावी. वृद्ध आणि मुलें यांना अधिक वेळ लागतो, म्हणून अंतर त्यांच्या पावलानें मोजावें. रस्त्याच्या मध्यें थांबण्यापुरता उंचवटा केला, तर एका वेळीं एकाच बाजूची वाहतूक पाहावी लागते आणि अर्धी चिंता मिटते.

आपल्याकडेहि कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळून डोंगरधारेनें सिंहगडाकडे जाणारी वाट पुष्कळांच्या पायांखालची आहे. तिच्या आरंभीं मोटाररस्ताच आहे. अशा वाटांची आंखणी करणाऱ्यांनीं शिखराकडे पाहण्यापूर्वीं पायथ्याशीं यावें. बस कोठें थांबते, रस्ता कोठें ओलांडावा लागतो, पावसांत ओढा कोठें आडवा येतो, हें सायंकाळच्या अंधुक प्रकाशांत स्वतः चालून पाहावें. गांवांतील मुलें आणि गुराखी या प्रश्नांचीं उत्तरें देऊं शकतील. त्यांस विचारल्यावांचून नकाशावर रेघ ओढूं नये.