नमुन्यामागची नजर

साडीचा काठ किंवा पुस्तकाचे वेष्टण योजणाऱ्या डिझायनराला आधी पुष्कळ पाहावे लागते. कोणता निळा उदास, कोणता प्रसन्न, हे प्रथम माणसाची नजरच सांगते. म्हणून चित्रे निवडण्याचे, त्यांना नावे देण्याचे काम हल्ली असंख्य अनोळखी माणसांत वाटले जाते. २०१० साली अमेरिकेत निघालेल्या पिंटरेस्ट या संकेतस्थळावर लोक आवडती चित्रे आपापल्या फलकांवर लावतात. कशाशेजारी काय शोभते, हे त्या निवडीवरून यंत्र शिकते. तो हौसेचा मामला. आमची हरकत नाही.

ॲमेझॉनने २००५ साली उघडलेल्या ‘मेकॅनिकल टर्क’वर मात्र असे काम नगावर करून घेतात. (नाव नामी शोधले! १७७० सालच्या त्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राच्या पोटात माणूसच दडवलेला असे.) तिथे काम नापसंत ठरवून मजुरी नाकारता येते, आणि केलेले काम मालकाजवळच राहते. मुंबईच्या गिरण्यांत खराब कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापीत. पण निदान कापड तरी त्याच्या हाती पडे. नमुना गाजला की डिझायनराचे नाव छापतात. त्याला आम्ही एवढेच विचारतो: चित्रे निवडणाऱ्यांची मजुरी चुकती झाली काय?